लाल गाडी, हिरवी गाडी आणि डुलीचंदकाका

माझे सासरे नवी कोरी मोटार घेऊन पहिल्यांदाच आमच्या दवनीवाड्याला आले होते. शेजारचे डुलीचंदकाका लगबगीनं अंगणात शिरले, मोटारीभोवती एक फेरी मारली, वाकून तिच्या पोटाखाली पाहिलं आणि पाहुण्यांना रामराम करायच्या आधीच विचारलं, "ग्राउंड क्लिअरन्स किती?"

सासरे बिचारे जमिनीच्या फेरफारानं गांजलेले. ते अदबीनं म्हणाले, "तलाठ्याकडं पेंडिंग आहे."

काकांनी आधी त्यांच्याकडे, मग मोटारीकडे आणि शेवटी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "घेतली गाडी, अन् पोटाखाली जागा किती आहे तेच मालूम नाई," असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात मला सांगून ते निघून गेले. जेवताना सासऱ्यांनी दोनदा विचारलं, हे गृहस्थ तहसील कचेरीत मोठ्या जागेवर आहेत का.

तसं काही नाही. काकांचं चौकात दुकान आहे. ताडपत्र्या, दोर, विळे, फवारणीचे पंप असा माल. नाल्यापलीकडे धानाची शेती. दोन्ही धंदे ठीक चालतात, कारण दोन्हींकडे काकांचं फारसं लक्ष नसतं. त्यांचं लक्ष असतं मोबाइलमध्ये, आणि मोबाइलमध्ये असतात एटीव्ही.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसल्यासारखं पाय टाकून बसायचं, पुढेमागे सामान बांधायला लोखंडी जाळी. परदेशातले शेतकरी तिच्यावरून गवताचे भारे, कुंपणाचे खांब, आजारी मेंढ्या असं वाट्टेल ते वाहतात. गावाला एटीव्ही म्हणायचा कंटाळा, म्हणून गावानं तिची टीव्ही केली. "काका, कोनती टीव्ही घेऊन राहिले?" असं पोरंसोरं विचारतात, आणि काका गंभीरपणे उत्तर देतात, "अजून कम्पेअर करून राहिलो."

हे कम्पेअर करणं कित्येक वर्षं चाललं आहे. मैदानात दोनच पैलवान उरलेत. कंपन्यांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून काकांनी त्यांना रंगांवरून हाक मारायला सुरुवात केली. लाल आणि हिरवी. लाल म्हणजे हजार सीसीची, दोन सिलिंडरची. काकांच्या शब्दांत "पिसाळलेला रेडा". हिरवी तिच्याहून लहान, एका सिलिंडरची, पण दहा वर्षं वापरा, तक्रार नाही. काका परदेशी लोकांचे इंग्रजी व्हिडिओ पाहतात. इंग्रजी त्यांना कळत नाही. "पन बोलनारा खोटं बोलून राहिला का खरं, ते तोंडावर दिसते ना," असं ते म्हणतात.

स्वतः काका एक जुनी मोपेड चालवतात. ती सुरू करायला तिच्याबरोबर थोडं अंतर धावावं लागतं. मग ती सुरू होते आणि काकांना टाकून पुढे जाते. या अनुभवाच्या जोरावर ते हजार सीसीच्या इंजिनाचे दोष काढतात.

हळूहळू सगळं जगच त्यांनी तीन खात्यांत टाकलं : पावर, हँडलिंग आणि भरोसा. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल ते म्हणाले होते, "पावर भरपूर, हँडलिंग झिरो. वळनावर पलटी मारते." शंकरपटाच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलजोडीला त्यांनी भरोशात नापास केलं, त्यावरून मालकाशी भांडण झालं. आणि माझं मूल्यमापन माझ्या लग्नानंतर लगेच, माझ्या बायकोच्या देखत केलं, "प्रमोद भरोशाची गाडी आहे बेटा. पिकप नाई." बायकोला ते इतकं पटलं, की आजही घरातला नळ दुरुस्त व्हायला वेळ लागला की ती फक्त "पिकप" एवढंच म्हणते.

दुकानात दोर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काका विचारतात, "कायले पाहिजे?" गिऱ्हाईक म्हणतं, म्हैस बांधायला. मग म्हशीचं वजन किती, ओढ किती, चिखलात फसली तर हा दोर तिला काढेल का, आणि लाल गाडीच्या पुढं जे दोर गुंडाळणारं यंत्र असतं ते अशा तीन म्हशी कशा ओढेल, हे सगळं ऐकावं लागतं. तोवर म्हैस सुटून गेलेली असते.

गेल्या पावसाळ्यात बातमी आली, की नवेगाव बांधच्या बाजूला एका रिसॉर्टनं पर्यटकांसाठी दोन एटीव्ही आणल्या आहेत. एक लाल, एक हिरवी. काकांनी मला सकाळीच उठवलं.

"चाल."

"कुठं?"

"नवेगावले. ट्रायल घेऊ."

आमचं गाव जिल्ह्याच्या या टोकाला, नवेगाव त्या टोकाला. मी सबबी शोधत होतो, तेवढ्यात काकांनी माझ्या मोटरसायकलच्या सीटवर तांदळाचं एक पोतं आणून आदळलं.

"हे काऊन?"

"ही तुही काकू," काका म्हणाले. "वजन बरोबर केलं आहे. दचका नको बसू देऊ."

बायकोला पोतं म्हणणारे नवरे मी पाहिलेत, पण पोत्याला बायको म्हणणारा हा पहिलाच. मी पुढे, मध्ये काकू, मागे काका, असे आम्ही निघालो. प्रत्येक खड्ड्याला काका मागून ओरडायचे, "अबे, काकूले लागते!"

रिसॉर्टचा मॅनेजर नागपूरचा तरणा मुलगा होता. पावसाळी दिवस, पर्यटक नाहीत, त्यामुळे त्याला आम्हाला पाहून आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही. काकांनी लाल गाडीच्या पायदानाची जमिनीपासूनची उंची वितीनं मोजली. मग हिरवीची. मग पुन्हा लालची. मागच्या जाळीवर पोतं उभं बांधलं आणि स्वार झाले.

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांची हौस, आता काका वारा होणार. काका गोगलगाय झाले. लाल गाडी त्यांनी अशा बेतानं चालवली, की ट्रॅकवरचं कुत्रं तिच्यापुढून चालत गेलं आणि वाट पाहत थांबलं. तरीही सुटताना गाडीनं एक हिसका दिला, आणि पोतं मागच्या मागे खाली आलं.

"नापास," काका उतरत म्हणाले. "पावर लय आहे, पन मांगं कोनी बसलं आहे याचं तिले भानच नाई."

हिरवी मात्र हलक्या गिअरवर, दुधाची भरली किटली घेऊन बाई चालावी तशी निघाली. उंचवटा, उतार, पाण्याचं डबकं. पोतं जागचं हललं नाही. काकांनी उतरून पोत्याच्या पाठीवर थाप मारली. मॅनेजर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सर, अंकल ठीक आहेत ना?"

मी हसून वेळ मारून नेली. पण चहा पिताना काका त्याला जे म्हणाले, त्यानंतर मला हसता आलं नाही.

"गाडी एक दिवस देता का भाड्यानं? बायकोले वावरात न्याचं आहे. रोवनी चालू होऊन राहिली."

सुमित्राकाकू म्हणजे आमच्या गावच्या रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या, म्होरक्या. कुणाच्याही बांधीत, म्हणजे खाचरात, धान रोवायचं असो, बायांची ओळ काकूंच्या आवाजावर पुढं सरकायची. मग त्यांना लकवा झाला. उजवा पाय आणि हात जड पडला. वाचा परत आली, डॉक्टर म्हणाले बोलण्यात काही दोष नाही. पण काकूंनीच बोलणं सोडलं. दारात खुर्चीवर बसायच्या आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायच्या. काकांच्या शेताला गाडीवाट नाही. नाल्यापुढे नुसते धुरे, म्हणजे मातीचे बांध, दोन्ही बाजूंनी चिखल. जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील, एवढेच रुंद. बैलबंडी जात नाही, मोटरसायकलवर काकूंचा तोल राहत नाही. इतका शेजार असून हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी लाल-हिरवीवरून त्यांची थट्टा करणाऱ्यांत पहिला होतो.

मॅनेजरनं आढेवेढे घेतले, नियम सांगितले. मग पोत्याकडे पाहिलं. हिरवी गाडी सर्व्हिसिंगला गोंदियाला न्यायचीच होती. तो म्हणाला, जाता जाता आणतो.

ती टेम्पोतून उतरली तेव्हा अर्धं गाव जमलं. "काकांची टीव्ही आली!" म्हणून पोरं नाचली. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, जणू लग्नाला निघालेत. काकूंना आम्ही दोघांनी धरून बाहेर आणलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"नाई," त्या म्हणाल्या.

"बस वो. उशी टाकली आहे."

"नाई."

"मी हळू नेतो. पोत्याले विचार."

हे काकूंना काही कळलं नाही, पण त्या बसल्या. काकांनी आपल्या दुपट्ट्यानं त्यांना स्वतःच्या पाठीशी बांधून घेतलं आणि वरात निघाली. पुढे गाडी, मागे मॅनेजर पांढरा शर्ट सांभाळत, मग मी, मग गाव. वेग असा, की बांधीतले बगळे उडायची तसदी घेईनात. नाला ओलांडला. पहिला धुरा पार झाला, दुसराही झाला. काका मान न वळवता सांगत होते, "पाहा, पावर स्टीअरिंग आहे. एका बोटानं वळते." काकूंनी डाव्या हातानं दुपट्टा घट्ट धरला होता.

पुढचा धुरा पावसानं आतून पोकळ झाला होता. मागचं चाक त्याच्या कडेवर गेलं आणि कड हलकेच खाली बसली. गाडी कलली, चाक चिखलात उतरलं. काकांनी ॲक्सिलरेटर दिला. चाक आणखी खाली गेलं. त्यांनी चारही चाकांना जोर लावणारं बटण दाबलं, तेव्हा चारही चाकं मिळून खाली गेली, आणि मॅनेजरचा शर्ट पांढरा राहिला नाही. भरोशाची हिरवी गाडी गाभण म्हशीसारखी बांधीत बसली. इंजिन मात्र घुरघुरत होतं.

शेजारच्या बांधीत रोवणी चालली होती. बाया हातातली रोपं टाकून धावत आल्या, हसत हसत दुपट्टा सोडला, दोघींनी हातांची बैठक केली आणि काकूंना उचलून शाबूत धुऱ्यावर नेलं. रोपांच्या पेंढ्या टाकून त्यावर बसवलं. काका गुडघाभर चिखलात उभे. गाव हसत होतं. मॅनेजर कुणाला तरी फोन लावत होता. मी दोर आणायला निघालो होतो.

काकू समोरच्या, नुकत्याच रोवलेल्या बांधीकडे पाहत होत्या.

"हे कोनं रोवलं?"

बायांनी चिखलाचे हात लुगड्याला पुसले.

"कोनं रोवलं, विचारून राहिली ना मी? इतकं दूर दूर? मधातून बैल नेता का?"

"काकू, मजूर कमी आहेत ना..." एकजण पुटपुटली.

"तोंड कमी आहेत का? सखू, तुले वाकता येत नाई काय? कंबर घरी ठेवून आली? तो कोपरा पाहा, पानी तुंबून राहिलं. रोप सडन तठी. इकडून उपट ते, अन् पुन्हा लाव. माह्या समोर लाव!"

सखूनं काहीतरी उलट उत्तर दिलं. काकूंनी त्याच्या दुप्पट दिलं. बाया ओळीनं वाकल्या, आणि काकू डाव्या हातानं दाखवत, एकेकीचं नाव घेऊन, मोकळ्या आवाजात रागवत राहिल्या.

मी दोर घेऊन परत आलो. "काका, या इकडं, धक्का द्या. गाडी अजून खाली जाऊन राहिली."

काका गाडीकडे पाठ करून उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

"पहिले ते इंजिन बंद कर गा," ते म्हणाले. "ती बोलून राहिली."