बेसमेंटमधली वकिलात

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीत जानेवारीत सकाळी आठ वाजता घराबाहेर उभी दिसणारी माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांचा कुत्रा ऐकत नाही ती. आणि दुसरे आमचे गजभियेकाका. काका बाहेर येतात ते झेंडा लावायला. उणे वीस असो नाहीतर उणे पंचवीस. निळा झेंडा, त्यावर पिवळी पट्टी, मधोमध एक मासा. तो पोर्चच्या खांबाला लावतात, दोन पावलं मागे सरकतात, छाती काढून अर्धा मिनिट ताठ उभे राहतात आणि मग "बाप्पा बाप्पा" करत आत पळतात. हा झेंडा भारताचा नाही आणि अमेरिकेचाही नाही. समोरचा जेफ कितीतरी वर्षं समजत होता की ही कुठल्यातरी हॉकी टीमची फॅनगिरी आहे. टीम हरली असेल म्हणून एकदा त्याने सांत्वनसुद्धा केलं होतं.

तर आमचे हे शेजारी मिलिंद गजभिये, वय बाहत्तर, मूळचे नागपूरचे, हे पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाच्या देशाचे मानद वाणिज्यदूत आहेत. देशाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगच होत नाही, मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने "ओह, कॅरिबियन!" असंच म्हटलं. माझी मुलगी ईशा तिसरीत असताना तिला शेजाऱ्यांवर निबंध होता. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, 'माझा शेजारी एक देश आहे.' टीचरने मला शाळेत बोलावून घेतलं. मी समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "आणि हे तुम्हाला नॉर्मल वाटतं?"

आता नॉर्मल वाटतं. काका वॉटर ट्रीटमेंटचे इंजिनियर. वीसेक वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना त्या बेटावर समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लँट बसवायला पाठवलं. दोन महिन्यांचं काम पाच महिने चाललं. शेवटी नळाला गोडं पाणी आलं तेव्हा पंतप्रधान स्वतः हजर होते. ते दोन घरं सोडून राहायचे, चप्पल घालून चालत आले. त्यांनी पहिला ग्लास भरला आणि काकांच्या हातात दिला. मग म्हणाले, तुमच्या भागात आमचं कुणी नाही, तुम्ही आमच्या माणसांकडे बघाल का? काका तिथल्या तिथे हो म्हणाले. घरी बायकोला, कुसुमकाकूंना, फोनसुद्धा केला नाही. हा किस्सा मी शंभरदा ऐकलाय आणि दरवेळी काका एकाच जागी थांबतात. "एका देशाच्या पंतप्रधानानं मले आपल्या हातानं पाणी दिलं पोरी," म्हणतात, आणि चष्मा पुसायला घेतात.

एरवी त्यांचं बोलणं दोन प्रकारचं. काहीही विचारा, आधी उलट प्रश्न: "ऑफिशियली सांगू की अनऑफिशियली?" ऑफिशियली म्हटलं की आवाज जाड होतो, भाषा आकाशवाणीची. अनऑफिशियली म्हटलं की लगेच नागपूर. एकदा मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला पुरणपोळ्या घरी करायच्या की विकत आणायच्या यावरून जुंपली. बायका हमरीतुमरीवर आल्या. कुणीतरी काकांना विचारलं, तुमचं काय मत? काका उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "माझं सरकार या प्रश्नावर तटस्थ आहे." कुसुमकाकू किचनमधून ओरडल्या, "सरकारला म्हणावं, मग भांडी घासायला ये!" सरकार मुकाट्याने गेलं.

मी एकदा विचारलं, की काका, हा देश चालतो तरी कसा? त्यांनी मला दीड तास सांगितलं, त्याचं सार एवढंच: परराष्ट्र खातं म्हणजे दुमजली इमारतीचा वरचा मजला, खाली पोस्ट ऑफिस. सगळ्या खात्यात मिळून माणसं एका मिनीव्हॅनमध्ये बसतील एवढी. न्यूयॉर्कला एक राजदूत, तो अमेरिकेचाही, कॅनडाचाही आणि युनायटेड नेशन्सचाही, शिवाय फॅक्समध्ये कागद अडकला तर तो काढणाराही तोच. बाकी ठिकाणी माणूस नेमायला पैसा नाही. मग जगभर अशीच कुणीकुणी गाठलेली भली माणसं. एका शहरात डेंटिस्ट, एका शहरात टायरचं दुकान चालवणाऱ्या बाई, आणि आमच्या भागातल्या पाच राज्यांना मिळून रिटायर्ड गजभिये.

"आणि पगार?"

"ऑफिशियली, हे पद सन्मानाचं आहे."

"अनऑफिशियली?"

"काऊन विचारून राहिली? छदाम नाही."

लोकांनी कागदावर शिक्क्यासाठी दिलेली फी सरकारजमा. पोस्टेज, कागद, शाई काकांच्या पेन्शनमधून. सरकार दरवर्षी एक नवा झेंडा आणि एक डबा खोबऱ्याच्या वड्या पाठवतं. त्यातही जुना फाटका झेंडा धुऊन, इस्त्री करून परत पाठवल्याशिवाय नवा निघत नाही. वड्या मात्र बिनशर्त येतात.

वकिलात बेसमेंटमध्ये. ऑफिशियली तिला कॉन्सुलेट म्हणायचं, पण कुसुमकाकू पहिल्या दिवसापासून वकिलातच म्हणायच्या. एका बाजूला घर तापवणारी फर्नेस, एका बाजूला वॉशिंग मशीन, मध्ये टेबल. भिंतीवर डावीकडे बाबासाहेब, उजवीकडे पंतप्रधान. दर निवडणुकीनंतर उजवीकडचा फोटो बदलतो. शिक्का तुरीच्या डाळीच्या डब्यात, कारण चोर डाळीला हात लावणार नाही हा काकूंचा सिद्धांत. कामकाजाची वेळ शनिवारी दहा ते बारा. त्या वेळात काका सूट आणि टाय घालून बसतात, आणि येणाऱ्याने, मग तो फर्नेस दुरुस्त करणारा का असेना, रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायचं. पाच राज्यांत त्या देशाचे नागरिक किती? सात. काका त्यांना "माझी जनता" म्हणतात. त्यातली लीना डुलुथला नर्स आहे आणि तेवी नावाचा एक पोरगा धावण्याच्या स्कॉलरशिपवर इथल्या कॉलेजात शिकतो. बाकीचे पाच लांब लांब पांगलेले.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात कुसुमकाकू गेल्या. मुलगा टेक्ससला, मुलगी लंडनला. दोघांनी आपापल्याकडे बोलावलं. काका म्हणाले, "पोस्टिंग सोडून येता येत नाही." आम्ही हसलो होतो, कारण आम्हाला तो काकांचा नेहमीचा विनोद वाटला.

यंदा मार्चमध्ये काकांना पत्र आलं. ते वाचून दाखवायला त्यांनी मला बेसमेंटमध्ये बोलावलं, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी फार्मसिस्ट, डॉक्टरांची अक्षरं वाचते, मला काय कठीण? पत्र साधं होतं. खर्च आवरायचा म्हणून सरकार ज्या कॉन्सुलेटमध्ये काम कमी ती बंद करणार. तीन वर्षांत किती केसेस झाल्या ते कळवावं. बंद झाल्यास शिक्का आणि झेंडा परत पाठवावा.

"खर्च? कसला खर्च?" माझं डोकंच फिरलं. "एक झेंडा आणि वड्या! त्यांना म्हणावं, वड्या आम्ही करतो!"

तीन वर्षांतल्या केसेस काकांनी तोंडपाठ सांगितल्या. पासपोर्टचे अर्ज चार, सह्या साक्षांकित पाच. एकूण नऊ.

"नव्वद लिहू," मी म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"वैशाली!" काका एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाहीत. "माझ्या सरकारला मी खोटं कळवणार नाही."

"मग वकिलात बंद होईल."

"होऊ दे." मग त्यांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "पण मंग शनिवारी मी टाय कोणासाठी लावू, ते सांग."

मी टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि चाळायला लागले. आणि बघते तर काय! पासपोर्ट-बिसपोर्ट मरू दे, पानंच्या पानं भरलेली. 'लीना. पहिला बर्फ. रडली. खिचडी खाऊ घातली.' 'तेवी. कोट नाही. कोट घेतला, मिडियम.' 'तेवीच्या आईचा फोन. मुलगा नीट जेवतो असं सांगितलं. (जेवत नाही. डबा पाठवला.)' आधी काकूंच्या गोल अक्षरात, मग काकांच्या काटकोनी अक्षरात.

"काका, या केसेस नाहीत?"

"जेवण म्हणजे केस नव्हे."

"हे रजिस्टर कुणाचं? तुमचं की सरकारचं?"

"सरकारचं."

"मग सरकारला दाखवायला नको?"

काका विचारात पडले. नियमाचा माणूस नियमानेच सापडतो. "ऑफिशियली," ते हळूच म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." मी फोन काढून पानांचे फोटो घ्यायला लागले, तेवढ्यात त्यांनी एका पानावर हात ठेवला. "यात कुसुमचं बी आहे ना."

मी त्यांचा हात बाजूला केला. दर शनिवारी, अकरा वाजता, एकच नोंद. 'नाव: कुसुम गजभिये. कारण: चहा.' मागे गेले. मागच्या पानावरही तेच, त्याच्या मागेही तेच. काकांनी मग सांगितलं, वर्षानुवर्षं काकू जिना उतरून यायच्या, दारावर टकटक करायच्या, "साहेब, आत येऊ का?" विचारायच्या, रजिस्टरमध्ये सही करायच्या आणि मग चहा ठेवायच्या. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरपासून त्या ओळीत काकांच्या अक्षरात फक्त 'अकरा वाजता: कोणी नाही.' दर शनिवारी. एकही शनिवार चुकवलेला नाही.

मला रडू आलं, लपवू कशाला. आणि स्वतःचा रागही आला. शेजारी राहते मी. शनिवारी अकराला ग्रोसरीला जाते, तेही त्यांच्याच दारावरून, हात हलवत.

"असू दे काका," मी म्हणाले. "जे आहे ते आहे. खरं आहे ना?"

"खरं आहे," ते म्हणाले. सगळी पानं सरकारकडे गेली.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. या पाच आठवड्यांत काका रोज झेंडा लावत होते, पण अर्ध्या मिनिटाऐवजी मिनिटभर उभे राहत होते. मी रोज खिडकीतून बघत होते आणि त्या सरकारला माझ्या माहेरच्या, सांगलीच्या अस्सल शिव्या घालत होते. पत्र आलं ते खात्याच्या सचिव बाईंचं. मीच वाचलं. कॉन्सुलेट चालू राहील. निधी पूर्वीप्रमाणेच, म्हणजे शून्य. तेवीची आई खाली पोस्टात काम करते, तिने सगळी पानं वाचली, मग ती वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी वाचली. पोरगा जेवत नाही हे तिला आधीच माहीत होतं आणि कोटाच्या बाह्या आता आखूड होत असतील असं तिचं म्हणणं आहे. नवा झेंडा पाठवत आहोत, यंदा जुना परत पाठवण्याची गरज नाही. आणि शेवटी एक ओळ: 'आपल्याकडे अकरा वाजता येणाऱ्या बाई आता येत नाहीत, याची मंत्रालयाने नोंद घेतली आहे. आम्हा सर्वांना फार वाईट वाटलं.'

काकांनी ती ओळ मला दुसऱ्यांदा वाचायला लावली. "ऑफिशियल लेटरहेडवर आहे ना?" विचारलं. मी म्हटलं, आहे, खाली शिक्काही आहे. त्यांनी पत्राची घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी मी ग्रोसरी कॅन्सल केली. आलं घालून चहा केला, दोन कप ट्रेमध्ये घेतले आणि बरोबर अकराला त्यांचा जिना उतरले. काका टेबलामागे बसले होते, सूट, टाय, समोर उघडं रजिस्टर. मी दारावर टकटक केलं.

"साहेब, आत येऊ का?"

ते बघतच राहिले. मग उठले, कोटाचं बटण लावलं. मी ट्रे टेबलावर ठेवायला गेले तर हाताने थांबवलं आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. आधी सही. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली.

"कारण?" त्यांनी विचारलं. आवाज ऑफिशियल काढायला गेले, पण तो साधला नाही.

मी लिहिलं, 'चहा.' त्यांनी रजिस्टर स्वतःकडे वळवलं, डोळ्याजवळ नेऊन वाचलं, शाई वाळू दिली, आणि मगच मला बसायला सांगितलं.