गव्हाणेनं मशीनला घातलेला हार

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. गव्हाणेचं लग्न मी मोडलं. ठरायच्या आधीच मोडलं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. गव्हाणेलाही नाही.

गव्हाणे आणि मी चाकणच्या एका कंपनीत पंप तपासायच्या खात्यात आहोत. तो मूळचा लातूरकडचा, थेरगावात एकटाच राहतो. आपला कुणाला त्रास होऊ नये, हा त्याचा एकमेव छंद. पूर्वी तो स्कूटरवर कामाला यायचा. पण चाकणच्या चौकात पोचला की "जावा तुम्ही, जावा" म्हणत सगळ्यांना वाट द्यायचा. ट्रक जायचे, टेम्पो जायचे, एकदा तर म्हशीसुद्धा पुढे गेल्या, आणि गव्हाणे तिथंच. शेवटी साहेबांनी दम भरला तेव्हा तो कंपनीच्या बसनं यायला लागला. नापास झालेला पंपही तो लाल पेटीत टाकत नाही, निजवतो. "त्याचं काय चुकलंय?" म्हणतो. "आपणच नीट केला न्हाई."

असा माणूस प्रेमात पडला तर काय करेल? उभा राहील.

आमची बस डांगे चौकातून निघते. पुढे काळेवाडी फाट्याला वनिता चढायची. तीही आमच्याच खात्यात. काळेवाडीच्या जुन्या घरातली, तिशी उलटलेली, वडिलांच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलेली आणि जिभेनं तिखट. गव्हाणे तिच्यासाठी रुमाल टाकून खिडकीची जागा धरायचा. इथवर सगळं रीतीनं. पण ती येऊन बसली, की शेजारचा हा उठायचा आणि थेट चाकणपर्यंत दांडीला लोंबकळायचा.

"अवो बसा की," ती म्हणायची.

"उभारतो की. पाय मोकळे होतेत."

"मग चालतच यायचं ना. अजून मोकळे व्हतील."

गव्हाणे कानापर्यंत लाल व्हायचा. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणायचा, "काळजी करतेत हो माझी."

"गव्हाणे भाऊ, विचारून टाका राव," बसमधले सगळे सांगायचे.

"गडबड काय हाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीन धुऊन पुसून त्यांना हार घालतात, नारळ फोडतात. हार कंपनी देते, वीतभर, मरतुकडा. गव्हाणे पहाटे पिंपरीच्या मंडईत गेला आणि झेंडूचा असा हार घेऊन आला, की तो बसमध्ये आणायला दोघं लागले. आम्हाला वाटलं, आता घालतो गळ्यात. तो सरळ वनिताच्या मशीनपाशी गेला, डोळे मिटले आणि मशीनला हार घातला. वर मशीनला नमस्कारही केला.

"आणि मला?" वनितानं विचारलं.

"तुमच्यासाठीच हाय की," तो मशीनकडे बघत म्हणाला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो, तर वनिताचं मशीन एकूण एक पंप नापास करत होतं. लाल दिवा विझेना. इंजिनीअर आले, साहेब आले, मशीन उघडलं. सेन्सरच्या डोळ्यावर झेंडूची पाकळी चिकटलेली.

"एवढा हार कुणी घातला?" साहेब.

"मी, सर."

"का?"

"श्रद्धा हाय."

वनिता तोंडावर ओढणी धरून मागच्या मागे पळाली. चहाच्या सुट्टीत मला येऊन म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. यांच्या मनात काय हाय का? जुन्नरकडचं स्थळ आलंय. व्हय असेल तर मी घरी थांबा म्हणते. तुमी त्यांच्या जवळचे, विचारून सांगा."

मी हो म्हणालो. पण गव्हाणेला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "त्याच्या मनात तसलं काही नाही."

कारण सांगायलाच हवं. गव्हाणे सडाफटिंग होता म्हणून माझे रविवार माझे होते. सासुरवाडीची जत्रा असो, मुलीचा वाढदिवस असो, की नुसता कंटाळा, माझी शिफ्ट तो करायचा. संसारी माणूस दुसऱ्याची रविवारची शिफ्ट करत नाही. मी स्वतः कधी केली नव्हती.

"बरं," वनिता म्हणाली. "मला आपलं उगाच वाटलं." चहा तसाच ठेवून ती गेली.

तिच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. गव्हाणे मठ्ठा वाढत होता. वरपक्षाकडच्या एका म्हातारबुवांना त्यानं इतका आग्रह केला, की त्यांनी पत्रावळीवर आडवा हात ठेवला आणि मठ्ठा त्यांच्या घड्याळात गेला.

परतताना तो माझ्या शेजारी बसला होता. मग म्हणाला, "बरं झालं मी काही बोललो न्हाई. त्यांच्या मनात नव्हतंच तसं. उगाच अवघडल्या असत्या."

मी बाहेर बघत राहिलो.

"रविवारी तुमची शिफ्ट मीच करतो," तो म्हणाला. "घरी रविवार लई लांबतोय."

मी ती शिफ्ट त्याला दिली. पुढचीही दिली.

वनितानं विचारलं होतं, एवढं एक वाक्य मी गव्हाणेला देणं लागतो. तुम्हाला सांगून झालं. त्याला अजून सांगितलेलं नाही.