उभ्यानं वाचणारे भटूनाना

भटूनाना पुस्तक बसून वाचत नाहीत. उभ्यानं वाचतात. सुरतेत गोडादऱ्यातल्या त्यांच्या घरी खिडकीशी एक उतरती फळी ठोकलेली आहे, वर ट्यूबलाइट. फळीवर पुस्तक आणि पुढ्यात नाना. नाना मूळचे खानदेशी. तीस वर्षं त्यांनी कापडाच्या मिलमध्ये चेकिंगला काढली. उजेडाखालून ताका, म्हणजे कापडाचा तागा, सरकायचा आणि नाना डाग, तुटका धागा हेरायचे, उभ्यानं. "बसलं की डोळा बी बसतो, मास्तर," म्हणतात.

मी त्यांचा शेजारी. शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझं वाचन दांडगं आहे असा लोकांचा गैरसमज आहे. नानांपुढे मी कुठला टिकतो! गेल्या उन्हाळ्यात या माणसानं सकाळी सातला पाचशे पानांची कादंबरी फळीवर चढवली. बाराला डोकावलो, तीनला डोकावलो, गडी जागचा हललेला नाही! एका हातात भाकरी, तोंडानं मधेच "अरे बापरे!", मधेच "हात् मेल्या!" पाचला भिंतीपलीकडून आरोळी आली, "मास्तर, ताका पास!"

पुस्तकं येतात पस्तीतून. पस्ती म्हणजे आपली रद्दी. चलथाणपासून कामरेजपर्यंतच्या पस्तीवाल्यांना नानांची ताकीद आहे, मराठी दिसलं की बाजूला काढायचं. एकदा एक बिनकव्हरची कादंबरी मिळाली. नाव नाही, लेखक नाही. वाचून झाल्यावर नाना गल्लीत पेढे वाटत फिरले.

"पेढे कसले, नाना?"

"अहो, असं पुस्तक जगात शे, हाई काल मले माहीतच नव्हतं!"

मला तर माझी बदली रद्द झाली तेव्हाही पेढे सुचले नव्हते. मीही ती वाचली. अकरा दिवस लागले, तेही लोळून. शेवटी नावाड्याची लेक तापानं जाते तिथं मी ढसाढसा रडलो.

नानांच्या बायकोचं, सिंधूकाकूंचं, वेगळंच दुखणं होतं. काकू सुरतेतच वाढल्या, चौथीपर्यंत गुजराती शाळेत शिकल्या. बोलतात मराठी, पण वाचता येतं फक्त गुजराती. एक दिवस त्या माझ्यादेखत कडाडल्या, "दिवसभर हा माणूस एकटाच हसतो, एकटाच रडतो. मी काय भिंत आहे? वाचून दाखवायला सांगितलं तर वाईट आलं की पानच उलटतात! मला माझं वाचायचंय."

झालं! नानांनी वह्या आणल्या आणि ती कादंबरी गुजराती अक्षरांत उतरवायला घेतली. भाषा मराठीच, फक्त लिपी गुजराती. चार महिने हे चाललं. एक वही संपायच्या आत काकूंना दुसरी हवी असायची. मग चहाला दोघांची जुंपायची. "नावाडी चुकलाच!" "अगं, त्याची बाजू तरी बघ!" इतके खुशीत नाना मी कधी पाहिले नव्हते. सहाव्या वहीत नावाड्याच्या लेकीला ताप चढला आणि काकूंचा जीव टांगणीला लागला.

परवा नानांनी सातवी, शेवटची वही माझ्यापुढे ठेवली. "शुद्धलेखन बघा जरा." मला गुजराती वाचता येतं. शेवटाला आलो आणि चक्रावलो. लेकीचा ताप उतरला होता! ती उठून बसली होती, आईकडं भात मागत होती. मूळ पुस्तकात नसलेली आठ पानं नानांनी पदरची घातली होती.

"नाना, ही तर जाते ना?"

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "मास्तर, उतरला का हो पोरीचा ताप?"

नानांनी माझा हात धरला. त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"आमनी बी पोर व्हती, सात वरीसनी. तापमाच गयी. आते हिले बी मारू का, मास्तर?"

या माणसाकडं एवढी वर्षं मी नुसता गंमत म्हणून बघत आलो होतो, याची लाज वाटली.

"उतरला, काकू," मी ओरडलो. "भात मागतेय."

काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. वही माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घेतली आणि मधलं सगळं सोडून थेट शेवटचं पान उघडलं.