देवरावभाऊंच्या छातीतली गँग

आमच्या शेजारचे देवरावभाऊ रोज पाचच्या ठोक्याला ओट्यावर येतात, सदऱ्याचं वरचं बटण सोडतात आणि आपल्याच छातीत डोकावून हुकूम देतात, "सुट्टी रे! घमेले ठेवा खाली!"

आमच्या देवळी गावात नवा आलेला माणूस हे पाहून रस्ता बदलतो. मला बदलता येत नाही. माझं दार त्यांच्या दाराला लागून आहे.

हयातभर ते रस्त्याच्या कामावर मुकादम. दोन वर्षांपूर्वी दम लागू लागला, तेव्हा मीच त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी समजावलं, की फुफ्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशी एरवी धूळ साफ करतात, इजा झाली की डागडुजीला लागतात. यांच्या पेशी थांबतच नाहीत. इजा नसली तरी डागडुजी चालूच. व्रणावर व्रण चढून फुफ्फुस कडक झालंय, आणि ते आता पूर्ववत व्हायचं नाही.

मी खचलो. भाऊ मात्र उजळले. "म्हणजे माहीच गँग हाय हे! खड्डा बुजला तरी डांबर ओतून राह्यली. त्यायचा काय दोष, मास्तर? सुट्टी कोनी सांगतलीच नाई त्यायले."

"मग सुट्टी पाचलाच काऊन?" मी एकदा वैतागून विचारलं.

"साहाले प्रीतीचा फोन येते."

प्रीती त्यांची एकुलती लेक, पुण्याला असते. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेलेत. सातवा महिना, अंथरुणावरून हलायची बंदी. बापाची धाप ऐकली तर ती पहिल्या गाडीनं निघेल. म्हणून पाच ते सहा भाऊ कुणाशी बोलत नाहीत, श्वास जमवतात. आणि धाप न लागता जेवढं निघेल तेवढंच फोनवर बोलतात, "जेवली? बरं. ठेव."

परवा तिचा फोन मला आला. रडत होती. "काका, बाबा माझ्यावर रागावले काय हो? धड बोलतच नाहीत."

मला भाऊंनी शपथ घातलेली. काहीबाही बोलून फोन ठेवला आणि तरातरा त्यांच्या ओट्यावर गेलो. "आता तरी सांगून टाका तिला. तुम्ही तिच्यावर रागावलात असं वाटतंय पोरीला."

भाऊंचा चेहरा पडला. ते म्हणाले, "वाटू दे. सुखरूप बाळंत होऊ दे तिले. बापाचा राग काय, उतरते कधीतरी."

एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.