चार आणे आणि चार टायर

सकाळी ऑफिसला निघावं आणि आपल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसावेत, तर कोणीही घाबरेल. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगीत कोणी घाबरत नाही. नोव्हेंबर लागला की ते पाय शेजारच्या परकारचाचांचे असतात. टायरची आतली बाजू बघायला चाचा चक्क आडवे होतात, आणि तोवर गाडीच्या मालकाने मुकाट उभं राहायचं असतं.

"बाय, हा पुढचा डावा काय बरा नाय," कपडे झटकत ते मला सांगतात. "पोरांना घेऊन जेबेल जैसच्या डोंगरावर चाललीस ना? हा घाटात दगा देईल."

आता दुबईत कसला आलाय हिवाळा? एसी बंद केला की आमचा हिवाळा सुरू. पण चाचांचं म्हणणं वेगळं. उन्हाळाभर टायर पार्किंगमध्ये भाजून निघतात. आपण घर ते मॉल, मॉल ते घर करतो, म्हणून कळत नाही. जरा गार वारा सुटला की सगळे डोंगराकडे आणि वाळूत धावतात, पहाटेच्या धुक्यात गाड्या पळवतात. "उन्हाळा टायरला मारतो गो," चाचा म्हणतात, "पण जनाजा हिवाळ्यात उठतो."

त्यांचं हत्यार म्हणजे रत्नागिरीहून आणलेलं चार आण्याचं जुनं नाणं. ते टायरच्या खाचेत उभं खुपसायचं आणि किती बुडतं त्यावर निकाल द्यायचा. माझ्या नवऱ्याने एकदा कौतुकाने खाच मोजायचं डिजिटल गेज आणून दाखवलं. चाचांनी ते उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. मग नवरा म्हणाला, निदान दिरहॅमचं नाणं तरी वापरा. "दिरहॅम इथलाच," चाचा म्हणाले, "तो टायरवाल्यांना सामील." नवऱ्याने हात टेकले.

गंमत म्हणजे चाचांकडे स्वतःची गाडी नाही. दूर वाळवंटात रुवैसला नोकरीत होते तेव्हा होती, जुनी, पांढरी. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन ते थेट दुबईतला करामा बाजार गाठायचे. मसाले, सुकी मासळी, आणि हॉटेलातला चहा. जमिलाचाची "काय चव नाय याला" म्हणत म्हणत दोन कप प्यायच्या. पण निघण्याआधी छोटा इम्रान नाणं घेऊन चारही चाकांना फेरी घालायचा आणि "पास, अब्बा" म्हणायचा. मग अब्बा विचारायचे, "आणि स्टेपनी?" डिकीतलं ते जादा चाक पास झाल्याशिवाय 'यल्ला, चला' नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की त्या गाडीत मीही बसले होते असं मला वाटतं.

चाची गेल्या, चाचा इथे लेकीकडे राहायला आले. इम्रान कॅनडात. तिथला हिवाळा म्हणजे खराखुरा, गुडघाभर बर्फाचा. जाताना चाचांनी त्याच्या बॅगेत एक चार आणे टाकले होते. दरवर्षी बर्फ पडायच्या सुमाराला तो व्हिडिओ कॉल करायचा, फोन घेऊन गाडीभोवती फिरायचा, खाचेत नाणं घालून दाखवायचा. इथून चाचा निकाल द्यायचे.

यंदा चाचांनी एकाच आठवड्यात माझे टायर तिसऱ्यांदा तपासायला घेतले. मी वैतागले. "अहो चाचा, नजर लागेल आता त्यांना."

ते उठून पार्किंगच्या कठड्यावर बसले. "इम्रान बोलला, अब्बा, आता गॅरेजवाले बघतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका." नाणं त्यांनी बोटांत फिरवलं. "मग मी फोन कशाला करू, सांग. बरा आहेस का विचारलं की बरा आहे म्हणतो. तिथंच बोलणं खलास."

  मी गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "चाचा, मागचा उजवा मला जरा बसल्यासारखा वाटतोय. बघता का?" ते लगेच उठले.

शनिवारी संध्याकाळी मी डिकीतून भाजी काढत होते. चाचा शेजारीच माझ्या टायरपाशी उकिडवे बसले होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इम्रान.

"अब्बा, गॅरेजने ओके दिलंय. बट इथे स्नो खूप पडलाय. तुम्ही एकदा बघता?"

"गॅरेजवाल्यांना काय कळतंय," म्हणत चाचांनी चष्मा सदऱ्याला पुसला. तोवर फोन मी धरला.

पडद्यावर पांढरंशुभ्र बर्फ, काळा टायर, आणि नाणं धरलेला उघडा, लालबुंद हात. चाचा टायर बघत नव्हते. ते त्या हाताकडे बघत होते.

"अजून जवळ धर. हळू. आता पुढचा."

चारही टायर संपले. चाचा म्हणाले, "स्टेपनी दाखव."

"अब्बा, या गाडीला स्टेपनी येतच नाही."

चाचांनी नाणं खिशात टाकलं. मला वाटलं, संपलं यंदाचं. पण तिकडून इम्रानने फोन कापला नाही.

"मघाशी तो पुढचा डावा," चाचा म्हणाले, "मला नीट दिसला नाय."

तिकडे इम्रान हसला. "बरं अब्बा. पुन्हा पहिल्यापासून बघू. हातमोजे घालून येतो, तुम्ही फोन ठेवू नका."