मल्हारीकाकांचे चाळीस ग्रुप

आमचे शेजारी मल्हारीकाका मेसेज पाठवून गप्प बसत नाहीत, तो फिरून आपल्याकडे येण्याची वाट बघतात. सकाळी चाळीस ग्रुपांवर सोडलेला मेसेज दुपारपर्यंत भलत्याच कुणाकडून परत आला, की भवानी पेठेतल्या आपल्या चादरीच्या दुकानात चहा सांगतात. "आलं बगा फिरून. आता जिल्ह्यात कुनी ऱ्हायलं न्हाय." समोर गिऱ्हाईक ताटकळत असतं. त्याचाही नंबर घेऊन ठेवतात.

या माणसाच्या हाती मोबाईल देऊ नये, हे माझं मत दोन वर्षांपूर्वी पक्कं झालं. अकलूजच्या कुणा गृहस्थाच्या निधनाचा मेसेज आला. नाव-आडनाव नि गाव काकांच्या दाजींचंच, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं; फोटो नव्हता. एक फोन करून विचारावं? छे. बिनफोटोची श्रद्धांजली काकांना बरी दिसेना. त्यांनी दाजींचा लग्नातला फोटो डकवला आणि दिला सोडून. दुपारपर्यंत शेजारच्या श्रीपूरहून ट्रॅक्टर भरून माणसं दाजींच्या दारात. शेजारणींनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. दार दाजींनीच उघडलं. जेवणाचीच वेळ होती, दोन भाकऱ्या त्यांनी खाल्ल्याही. आक्कांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीनं, मात्र त्याच दिवशी भावाला ब्लॉक केलं. अजून त्या त्यांचा फोन घेत नाहीत.

तेव्हापासून काका फक्त गुडघ्यांवर लिहितात. गुडघे शेकावेत, जिना हळू उतरावा, मांडी घालून बसू नये. मी वैतागून म्हटलं, "काका, तुमचे गुडघे तर धडधाकट आहेत."

"आक्काचं दुकत्यात की. म्या पाटवलं तर ती बगत न्हाय. कुनाकडनं तरी जाईलच."

 

परवा काकांचा गुडघ्यांचा मेसेज अकलूजच्या माझ्या मावशीकडून मला आला. खाली कुणीतरी ओळ वाढवली होती: 'गुडग्याचं कळलं. लिवनाऱ्यानं सवताची शुगर तपासली का? ल्हानपनापासनं गूळ चोरून खातंय.'

मी दाखवल्यावर काकांनी ती चार वेळा वाचली, चष्मा पुसला आणि "आक्काच" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त देऊन आले. संध्याकाळी चाळीसही ग्रुपांवर मेसेज पडला: 'एका मानसाची शुगर तपासली. जरा वाढलीया. गूळ सोडलाय. काळजी करू नगा. अकलूजपर्यंत पाटवा.'

मी तो ताबडतोब मावशीला पाठवला.