दिघेभावजींचा तळहात

दिघेभावजी कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला भेटतात, माणसांना नंतर. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, फ्रिजच्या अंगाला तळहात लावायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "क्यों भिया, दम लागतोय का?" फ्रिज काही बोलत नाही. मग त्याच्या वतीने भावजी बोलतात आणि आपण ऐकायचं.

पोलोग्राउंड भागातल्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर मशीनं सांभाळली. आता रिटायर झालेत, बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात एकटेच. आमच्या कॉलनीतला एकेक फ्रिज त्यांनी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलाय. "गर्मी मरत नाही वहिनी, फक्त घर बदलते," असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणतात. "इंजिनात ती उतारावर असते, जाता जाता काम करून देते. फ्रिजात तिला चढावर ढकलावं लागतं. चढ जेवढा कमी, तेवढी वीज कमी. आणि तुम्ही लोक ढकलणाऱ्याच्या नाकालाच भिंत लावता!"

हे ज्ञान चाळीसेक वर्षांपूर्वी मला फुकट मिळत होतं. तेव्हा आमच्याकडे पहिला फ्रिज आला होता. मे महिना होता. मी फ्रिजचं दार सताड उघडलं, समोर पाट टाकला आणि खोली गार होण्याची वाट बघत बसले. एवढी साधी युक्ती कुणाला कशी सुचली नाही, याचं मला फार आश्चर्य वाटत होतं. तेवढ्यात भावजी आले. म्हणाले, "वहिनी, पुढून जेवढी थंडी खाताय, त्याहून जास्त गर्मी मागून येतेय. मोटरची स्वतःची गर्मी त्यात धरा." मी बी.ए. झाले होते. एका बर्फवाल्याचं कशाला ऐकू? तासाभराने खोलीची भट्टी झाली, लोणी वितळून पाटापर्यंत आलं, तरी "जरा गार वाटतंय, नाही?" असं मी घाम पुसत सासूबाईंना विचारत होते.

असो. गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी भावजी आले, नेहमीसारखा फ्रिजला हात लावला, डोळे मिटले. "वा भिया! मस्त गर्मी फेकतोय. तब्येत एकदम टनाटन."

मी बघितलं तर फ्रिजचा प्लग खाली लोंबत होता. सकाळी तो काढून चटणीसाठी मिक्सर लावला आणि नंतर विसरले. सकाळपासून फ्रिज बंद, अगदी गार पडलेला.

तरुणपणची मी असते तर टाळी वाजवून सगळी गल्ली गोळा केली असती. आताही जीभ वळवळलीच. पण माझी नजर त्यांच्या तळहातावर गेली. मधोमध मोठा फोड होता.

"हे काय झालं?"

"अरे कुछ नहीं, तवा होता."

मी चहाचं आधण ठेवलं आणि त्यांची पाठ वळलेली बघून हळूच प्लग लावला. फ्रिज घुर्र करून सुरू झाला. भावजी जागच्या जागी थांबले. तळहात फसतो, पण या माणसाचे कान कारखान्यातले.

"आत्ता चालू झाला," ते म्हणाले. "शुगर आहे ना. दोन महिने झाले, हाताला गरम-गार काही लागतच नाही वहिनी. कुणाला सांगू नका हां. नाहीतर मला घरात कशाला बोलावतील? मी कशासाठी जाऊ?"

मी चावटपणा केला. "माझा हात काय शोभेला आहे? हात माझा, डोकं तुमचं. मात्र आधी डॉक्टरकडे जायचं. मी बरोबर येते."

गेलो. गोळ्या सुरू झाल्या, पायांचीही तपासणी झाली. मग शहराबाहेर राऊ गावात, ओळखीतल्या एका नव्या सुनेचा फ्रिज बघायला निघालो. ती बिचारी दोन म्हाताऱ्यांची फौज बघून दारातच गोंधळली.

मी फ्रिजला हात लावला. "कोमट आहे."

"कोमट म्हणजे किती? नीट सांगा वहिनी. बाळाच्या कपाळासारखं?"

"हो."

"ताप असलेल्या की नसलेल्या?"

"थोडी कणकण असलेल्या."

"तो फिर ठीक. चार बोटं पुढे ओढा याला!"

सुनेने स्टीलच्या पेल्यांतून चहा आणला. भावजींनी हात पुढे केला. मी आधी त्यांचा पेला चाचपून पाहिला आणि बाजूला सरकवला. "थांबा."

चहासाठी हा माणूस कुणाचं ऐकत नाही. पण थांबला. सुनेला इंजिनाचा उतार आणि फ्रिजचा चढ समजावत बसला, अधूनमधून माझ्याकडे बघत.

"आता घ्या," मी म्हटलं.

त्यांनी पेला उचलला.